खेकडा हवालदार बेपत्ता

१. रिकामा कप्पा

खेकडा हवालदार बेपत्ता झाला होता. एकटा गेला असता तर एक वेळ चाललं असतं, पण तो चौदाच्या चौदा भागांसकट गेला होता. सोमवारी सकाळी, शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत, पुस्तकबाई गोष्टींच्या कपाटापुढे गुडघे टेकून बसल्या होत्या आणि खालच्या कप्प्यातल्या हातभर रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

त्यांना शाळेत सगळे पुस्तकबाईच म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे पालक म्हणत, आणि पगाराच्या कागदावर काय नाव आहे ते आता त्यांनाही आठवून बघावं लागे. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात त्यांची अकरा वर्षं गेली होती. आल्या तेव्हा कपाटांना कुलपं होती आणि पुस्तकं अगदी कोरी होती. त्यांनी कुलपं काढली, जमिनीवर सतरंज्या घातल्या, पुस्तकं पोरांच्या हाताला येतील अशी खाली आणली. पुस्तकं फाटली, चिकटवली, पुन्हा फाटली. ज्या पुस्तकाला पोरांचे हात लागले नाहीत ते पुस्तक नव्हे, वीट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवत.

आता तीन आठवडे त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. नातवाला न्हाऊमाखू घालून, लेकीला चार गोष्टी सांगून आणि जावयाला आठ गोष्टी सांगून परत आल्या, तर इथे ही तऱ्हा. शुक्रवारी शाळेच्या अध्यक्षांची सभा होती, म्हणून त्या पुस्तकांची मोजणी करायला बसल्या होत्या. नोंदीत पुस्तकं सहाशे पंधरा. घरी दिलेली धरून, कपाटातली धरून, सगळी बेरीज दोनदा केली. चौदा कमी.

आणि नेमका खेकडा हवालदारच. समुद्राच्या तळाशी चोऱ्या शोधणारा हा खेकडा शाळेतल्या पोरांचा जीव की प्राण होता. प्रत्येक भागाच्या शेवटी तो हमखास संकटात सापडे आणि पोरं पुढच्या भागासाठी रांगेत भांडत. दुसऱ्यांच्या चोऱ्या शोधणाऱ्यालाच कुणी उचलून न्यावं, याचं पुस्तकबाईंना एरवी हसू आलं असतं.

२. नवा नियम

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या उंचीने पुस्तकबाईंच्या खांद्याला लागत, पण ते कुणाच्या लक्षात येऊ देत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं.

तुमच्या मागे बरंच काही झालंय, असं म्हणून त्यांनी सांगितलं ते असं. पुस्तकबाई रजेवर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष न सांगता शाळेत आले. तिसरीच्या वर्गात पोरं पोट धरधरून हसत होती. अध्यक्षांनी विचारलं, काय चाललंय? कुणीतरी खेकडा हवालदार वर धरून दाखवला. झालं. त्याच संध्याकाळी सूचना लागली: गोष्टींची पुस्तकं फक्त शनिवारी, एका मुलाला एक. बोधपर पुस्तकं मात्र रोज, हवी तितकी.

शाळेत बोधपर पुस्तक म्हणावं असं एकच होतं, ते अध्यक्षांनी स्वतः लिहिलेलं. ‘शिस्तीची सरळ वाट’. पंधरा प्रती, जाड पुठ्ठा, वर निळं चकचकीत वेष्टन आणि त्यावर अध्यक्षांचा हाताची घडी घातलेला फोटो. अकरा वर्षांत पुस्तकबाईंनी त्याची प्रस्तावना तीनदा वाचायला घेतली होती आणि तिन्ही वेळा त्यांना दुसरं काम आठवलं होतं.

मोठ्या बाईंनी शेवटचं सांगितलं ते उभं राहून. "शुक्रवारपर्यंत पुस्तकं सापडली तर ठीक. नाहीतर सभेत मला सांगावं लागेल, आणि कपाटांना परत कुलपं लागतील. माझ्या हातात काही नाही."

पुस्तकबाईंची अकरा वर्षांची मेहनत चौदा पुस्तकांपायी पाण्यात जायची होती, आणि हाताशी पुरते पाच दिवससुद्धा नव्हते.

३. मावशींचा अपमान

मोठ्या बाईंचा संशय मावशींवर होता. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. त्या जुन्या कागदांचे गठ्ठे बांधून रद्दीवाल्याला देतात, त्यात गेली असतील पुस्तकं, असं मोठ्या बाईंना वाटे. पुस्तकबाईंनी हे मावशींना जरा आडवळणाने विचारलं. मावशींनी ते सरळ वळणाने घेतलं आणि हातातला झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

आपण पुस्तकं झाडतो, विकत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. हवं तर रद्दीवाल्याला इथे बोलावून घ्या, त्याला स्वतःलाही वाचता येतं. आणि संशयच घ्यायचा तर मोठ्या बाईंवर का नाही? त्यांना या खोलीत संगणक लावायचेत. कपाटं बंद झाली की खोली मोकळीच. पुस्तकबाईंना हा मुद्दा बिनतोड वाटला, पण मोठ्या बाई खुर्चीवरून उठून खालच्या कप्प्यापर्यंत वाकतील हे काही त्यांना पटेना.

माझ्या मागे इथली किल्ली कुणाकडे होती, असं त्यांनी विचारलं.

किल्ली होती गणिताच्या सरांकडे. ग्रंथालयाचा कारभारही त्यांच्याकडेच होता. मावशींनी आवाज खाली आणला. सरांचं काहीतरी बिनसलंय म्हणाल्या. तीन आठवडे बघतेय, रोज मधल्या सुट्टीत डबा खाता खाता अध्यक्षांचं पुस्तक वाचतात. एकदा वाचून झालं, तर परत पहिल्यापासून.

"घरी काही दुःख असेल का हो त्यांना?" मावशींनी विचारलं.

४. सरांचं गणित

गणिताचे सर बोलत कमी, आणि बोलत ते मोजून. तीस वर्षांत त्यांनी फळ्यावर एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता. कुणी लिहिला तर त्यांना जेवण जात नसे. पोरं त्यांना घाबरत. पुस्तकबाई घाबरत नसत, पण त्यांच्यासमोर पदर मात्र सारखा करून घेत.

मंगळवारी शाळा सुटल्यावर त्या सरांच्या वर्गात गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. या वर्गातले बाक डुगडुगण्याबद्दल प्रसिद्ध होते, पोरांचं अक्षर त्यामुळेच वाईट असं सगळे म्हणत. आज बाक हललासुद्धा नाही. पुस्तकबाईंनी ते पाहिलं, पण मनात खेकडा होता, म्हणून सोडून दिलं.

त्यांनी विचारलं, तुमच्या वेळात खोलीत कुणी चोर शिरला का? सर म्हणाले, नाही. कुणी पुस्तकं फाडली, विकली, जाळली? नाही. मग हरवली कशी? सरांनी खडू खाली ठेवला, बोटं पुसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, ती हरवली आहेत हे आधी सिद्ध व्हायला हवं.

पुस्तकबाईंना राग आला. पाणी गळ्याशी आलंय आणि यांना सिद्धता हवी. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या तेव्हा सर मागून बोलले.

"देवघेवीची वही बघा. मी तिच्यात एकही आकडा चुकीचा लिहिलेला नाही."

५. खपाचा चमत्कार

देवघेवीच्या वहीची पद्धत पुस्तकबाईंनीच घालून दिली होती. पुस्तक नेताना मुलाने आपल्या हाताने आपलं नाव आणि पुस्तकाचं नाव लिहायचं. अक्षर कसंही येवो, लिहायचं त्यानेच. देणाऱ्याने शेवटच्या रकान्यात फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक टाकायचा, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं त्या दिवशी त्याच्या पहिल्या पानावर पडलेला नंबर.

बुधवारी सकाळी त्यांनी वही उघडली आणि डोळे चोळले. तीन आठवड्यांत ‘शिस्तीची सरळ वाट’ त्रेसष्ट वेळा घरी गेली होती. वाकडी अक्षरं, तिरकी अक्षरं, ‘शिस्ती’मधला ‘स्ती’ नाना प्रकारांनी, पण पुस्तक तेच. या घडीला चौदा प्रती मुलांकडे होत्या. कपाटात पंधरावी तेवढी उरली होती. ती त्यांनी काढून उघडली. आत अध्यक्षच होते, पहाटे उठण्याचे फायदे सांगत होते.

मधल्या सुट्टीत मुंगी आली. मुंगी तिसरीतली, सरांच्या वर्गातली. नेहमी भिंतीकडेने चालायची म्हणून मुंगी. गेल्या वर्षापर्यंत तिला वाचता येत नव्हतं. बेरीज यायची, वजाबाकी यायची, पण ‘एका टोपलीत’ असं कुठे लिहिलं असलं की ती पेन्सिल खाली ठेवून द्यायची. पुस्तकबाईंनी तिला सहा महिने मांडीशी बसवून खेकडा हवालदाराचा पहिला भाग वाचून दाखवला होता. दुसरा भाग तिने स्वतः वाचला होता, बोट ठेवून, महिनाभर.

आज तिच्या हातात निळं पुस्तक होतं. पुस्तकबाईंनी विचारलं, आवडलं का? मुंगीने जोरात मान हलवली. मग काय आवडलं त्यातलं?

मुंगीने बुटांकडे पाहिलं. "पुढे काय होणार ते कळतच नाही," ती म्हणाली. पुस्तकबाईंनी हात पुढे केला, तशी तिने पुस्तक पोटाशी धरलं आणि भिंतीकडेने पळून गेली.

६. सासूबाईंचा प्रश्न

पुस्तकबाईंच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या जन्मभर रहस्यकथाच वाचत आल्या होत्या आणि खुनी कोण ते विसाव्या पानाला सांगून घरच्यांचा विरस करत. सुनेला चहा कडू लागतोय हे त्यांनी ओळखलं आणि सगळं वदवून घेतलं.

चौदा गेली कुठे, त्याच्या मागे लागू नकोस, असं त्यांचं मत पडलं. कुणाचं वागणं बदललंय ते बघ. मग त्यांनी विचारलं, ते अध्यक्षांचं पुस्तक आहे तरी कसं? पुस्तकबाईंनी खरं ते सांगितलं.

"अगं, फसून एकदा नेईल माणूस," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा कशाला नेईल?"

पुस्तकबाईंचा कप हातातच राहिला. मुंगीचं नाव त्यांनी वहीत कितीदा पाहिलं होतं? निदान सात वेळा. सात वेळा तेच पुस्तक! आणि वहीतला एकच रकाना त्यांनी वाचला नव्हता. नावं वाचली होती, आकडे नव्हते. आकड्यांचं त्यांना जन्मापासून वावडं.

गुरुवारी त्या शाळेत घंटेच्या आधी अर्धा तास पोचल्या. अध्यक्षांच्या पुस्तकाचे दाखल क्रमांक सहाशे एक ते सहाशे पंधरा. नोंदीतल्या त्या आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी देवघेवीची वही उघडली. मुंगी, ‘शिस्तीची सरळ वाट’, दोनशे चौदा. मुंगी, ‘शिस्तीची सरळ वाट’, दोनशे पंधरा. पुन्हा मुंगी, दोनशे सोळा. त्रेसष्ट नोंदींत सहाशेच्या घरातला एकही आकडा नव्हता. सगळे दोनशे बारा ते दोनशे पंचवीस.

खेकडा हवालदाराचा पहिला भाग दोनशे बारा. चौदावा दोनशे पंचवीस. खेकडा बेपत्ता नव्हताच, तो अध्यक्षांचा कोट घालून घरोघर फिरत होता.

त्या तडक सरांच्या वर्गात गेल्या, पहिल्या बाकाशी वाकल्या आणि खालून एक पुस्तक ओढून काढलं. बाक डुगडुगला. पुस्तक जाड पुठ्ठ्याचं होतं आणि वरचं निळं वेष्टन गायब होतं.

"चौदा बाक, चौदा प्रती," मागून सर म्हणाले. "माप बरोबर बसलं."

मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. मुंगी तिसऱ्या भागाशी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने फळ्यावरचं शाब्दिक उदाहरण स्वतः वाचून सोडवलं होतं, आणि त्याच आठवड्यात ती सूचना लागली. आठवड्यात एक पुस्तक, तेही शनिवारी, आणि शनिवारी ती निम्म्या वेळा आजारी. पोर जिथून आली होती तिथे परत गेली असती. नियम मोडणं सरांना जन्मात जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी पट्टी घेऊन वेष्टनं मापात दुमडली आणि पुस्तकांना चढवली. वर्गातल्या चाळीस पोरांना ठाऊक होतं. चाळिसातल्या एकानेही तोंड उघडलं नाही.

"पुस्तकाचं नाव मुलं लिहितात. आकडा मला लिहायचा होता, आणि तो मला खोटा लिहिता येईना," सर म्हणाले. "तुम्ही सोमवारीच वही बघाल असं वाटलं होतं."

पुस्तकबाईंना त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. मग दोघांनी ठरवलं ते साधं होतं. पुस्तकं मुलांच्या घरी होती, म्हणून आज निरोप द्यायचा, उद्या सकाळी ती घ्यायची, वेष्टनं उतरवायची, खेकडा कप्प्यात ठेवायचा आणि सापडला म्हणून सांगायचं. पुस्तकं परत, कुलूप नाही, सर सुरक्षित.

तेवढ्यात मावशी दारात आल्या. अध्यक्ष उद्या सभेला दुपारी नाही, सकाळी पहिल्या घंटेलाच येतायत, असा निरोप होता. मोठ्या बाईंनी त्यांना फोनवर आनंदाची बातमी दिली होती, त्रेसष्टची.

७. सरळ वाट

अध्यक्ष आले ते एवढे खूश होते की त्यांनी मावशींनाही नमस्कार केला. शुक्रवारच्या त्या सकाळी ते तिसरीच्या वर्गात फळ्यापुढे खुर्चीवर बसले, शेजारी मोठ्या बाई, मागे भिंतीशी पुस्तकबाई आणि सर. चौदा पोरांच्या दप्तरांतून चौदा निळी पुस्तकं डोकावत होती. वेष्टन उतरवायला कुणाला क्षणाची फुरसत मिळाली नव्हती.

सर्वांत जास्त वेळा माझं पुस्तक कुणी नेलं, असं अध्यक्षांनी विचारलं. मोठ्या बाईंनी वहीत बघून मुंगीला उभं केलं. आवडलेला भाग वाचून दाखव बाळ, अध्यक्ष म्हणाले.

मुंगीने सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटले. मुंगीने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. बोट न ठेवता, न अडखळता, प्रत्येक पात्राचा आवाज बदलून. हवालदार बरणीत अडकला होता, झाकण वरून घट्ट होतं, आणि बाहेर चोर शिंपल्यांची पोती भरत होता. वर्ग श्वास रोखून ऐकत होता. पान संपलं तेव्हा अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

आता गप्प बसलं तर बोट मुंगीकडे जाणार होतं. पुस्तकबाई पुढे आल्या. त्यांनी सगळं सांगितलं, चौदा पुस्तकं, वही, आकडे, वेष्टनं. बाकांपाशी मात्र त्या थांबल्या, कारण काही गोष्टी माणसाच्या तोंडावर सांगवत नाहीत. आणि सरांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा सर स्वतःच एक पाऊल पुढे झाले.

मोठ्या बाई पंख्याकडे बघू लागल्या. अध्यक्षांचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणजे त्रेसष्ट नोंदी होऊनही माझं पुस्तक कुणीच वाचलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"मुलांनी नाही. मी वाचलं. दोनदा," सर म्हणाले. "ज्याचं वेष्टन काढायचं, ते न वाचणं मला योग्य वाटलं नाही. कल्पना मला तिथेच मिळाली. पान सदतीस."

पान सदतीस काय आहे ते वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. अध्यक्ष मात्र सावकाश मागे टेकले. सरांनी ते पान अध्यक्षांच्याच शब्दांत तोंडपाठ सांगितलं. मी चौथीत असताना गणिताच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक लपवून वाचत असे. एके दिवशी गुरुजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून पुढे गेले. त्या दिवसापासून मला वाचनाची गोडी लागली.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. वीस वर्षांत ते पान मला कुणी म्हणून दाखवलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि हे त्यांनी सरांना नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं वाटलं. मग त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं.

"तो बरणीतून सुटतो का?"

"ते पुढच्या भागात आहे," मुंगी म्हणाली.

अध्यक्षांनी पुढच्या भागासाठी हात पुढे केला. पुढचा भाग मागच्या बाकावरच्या मुलाकडे होता, आणि तो द्यायलाही निघाला. तेवढ्यात सर खाकरले.

"साहेब, आज शुक्रवार आहे. गोष्टीचं पुस्तक फक्त शनिवारी."

मोठ्या बाईंचे डोळे पंख्यावरून खाली आले ते विस्फारूनच. अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं, त्या निळ्या वेष्टनावरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. मग ते उठले, स्वतः ग्रंथालयाच्या दारापर्यंत चालत गेले आणि भिंतीवरची सूचना काढून, चार घड्या करून खिशात घातली. कुलपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

परत येऊन ते वहीपुढे बसले. पुस्तकबाईंनी त्यांना पद्धत सांगितली, नाव ज्याचं त्याने लिहायचं. अध्यक्षांनी आपलं नाव लिहिलं आणि त्यापुढे ‘खेकडा हवालदार, भाग दहा’ असं लिहिलं. सरांनी शेवटच्या रकान्यात आकडा टाकला, दोनशे एकवीस. अध्यक्ष खुर्चीवरून उठताना शेजारच्या बाकाला टेकले आणि बाक मुळीच हलत नाही म्हणून त्यांनी शाळेचं कौतुक केलं.

पुस्तकबाई आणि सरांनी त्यांचे आभार मानले. मुंगीने मात्र वहीत डोकावून तारीख बघितली आणि अध्यक्षांना बजावलं की सोमवारी परत आणा, माझा नंबर आहे.